काउंटरवरची की फ्रीझरमधली? मासळीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सुपरमार्केटमध्ये बर्फावर मांडलेली मासळी ताजी आणि पाकिटातली फ्रोझन म्हणजे शिळी, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. काउंटरवरची महाग पडते, तरी तीच आणतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : निम्मंच. ‘ताजी’ या पाटीचा दुकानातला अर्थ एवढाच, की मासा विकताना गोठलेला नाही. पाण्यातून बाहेर येऊन त्याला किती दिवस झाले, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. खोल समुद्रात जाणारी बोट कित्येकदा आठवडाभर परतत नाही. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा आणि शेवटच्या दिवशीचा, दोन्ही एकाच खेपेत बंदराला लागतात. पुढे लिलाव, साफसफाई, ट्रक, गोदाम आणि मग तो काउंटर.

त्यातही नुसते दिवस मोजून भागत नाही, ते किती अंशांत गेले हे बघावं लागतं. थंड समुद्रातला कॉडसारखा मासा वितळत्या बर्फात, म्हणजे ० अंश सेल्सिअसला, नीट ठेवला तर साधारण दोन आठवडे खाण्याजोगा राहतो. चवीचे दिवस मात्र पहिल्या आठवड्यातलेच. तोच मासा ५ अंशांना सव्वादोन पट वेगाने खराब होतो आणि १० अंशांना चौपट. एक दिवस १० अंशांत काढला, की बर्फातले चार दिवस गेले म्हणून समजा. म्हणून आठवडाभर कसून बर्फात ठेवलेला मासा दोन दिवस उघड्यावर काढलेल्यापेक्षा चांगला निघू शकतो.

आता फ्रीझरकडे या. मोठ्या मासेमारी जहाजांवर मासा वर आल्यापासून काही तासांत त्याचे फिले, म्हणजे काटे काढलेले मांसाचे सपाट तुकडे, काढून ते गोठवले जातात. उणे १८ अंशांखाली जिवाणूंची वाढ थांबते, त्यामुळे तो मासा वयाने तिथेच थांबतो. ‘समुद्रावरच गोठवलेला’ किंवा ‘फ्रोझन ॲट सी’ असं पाकिटावर असेल, तर आत काही तासांचा मासा आहे. काउंटरवरचा इतका ताजा मिळायचा तर बंदर शेजारी हवं.

तिसरी गोष्ट ग्राहकाला सहसा कुणी आपणहून सांगत नाही. काउंटरवरच्या मालापैकी बराचसा फ्रोझनच आलेला असतो. रात्री डीफ्रॉस्ट करतात आणि सकाळी बर्फावर मांडतात. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून अशा मालावर ‘डीफ्रॉस्ट केलेला’ असं लिहावं लागतं, त्याला काही अपवाद आहेत. पाटीवर बारीक अक्षरांत का होईना, तो शब्द शोधायचा. दिसला नाही तर विचारायचं. कारण हा सौदा दोन्हीकडून तोट्याचा: मासा फ्रोझनच, वर डीफ्रॉस्ट झाल्यावरचे एक-दोन दिवस दुकानातच गेलेले.

आमचा सल्ला सरळ आहे. कॉड, हॅडॉक, पोलॉक असा कमी चरबीचा पांढरा मासा आणि कोळंबी फ्रीझरमधून घ्या. अख्खा मासा, डोळे आणि कल्ल्यांसकट, काउंटरवरून घ्या, कारण तो तुम्हाला पारखता येतो. बांगडा, तारली, सॅल्मन या तेलकट माशांचं कुठलंच एक उत्तर नाही. त्यांचं पुढे येईल. आणि काउंटरवरचा कातडी काढलेला पांढरा फिले शेवटचा पर्याय. त्यात पारखायला काही उरलेलंच नसतं.


प्रश्न : काउंटरवर काच आणि पलीकडे माणूस. हात लावता येत नाही. मग मासा पारखायचा कसा?

उत्तर : हात न लावताही बरंच दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

आधी माशाकडे नाही, बर्फाकडे बघा. अख्खा मासा बर्फात निम्मा रुतलेला हवा. बर्फाच्या सपाट थरावर माशांची तीन-चार थरांची रास रचली असेल, तर वरचा मासा बर्फाला शिवलेलाच नाही. तो दुकानाच्या हवेत आणि दिव्याखाली पडून आहे. फिले बर्फावर थेट ठेवलेले असतील तर वितळणारं पाणी त्यांची चव आणि रंग धुऊन नेतं. मध्ये ताट किंवा कागद हवा. आणि बर्फाचं पाणी साचून मासा त्यात तरंगत असेल, तर पुढच्या दुकानात जा.

मग डोळा. ताज्या माशाचा डोळा बाहेर फुगलेला, बाहुली काळीभोर, वरचा पडदा पारदर्शक. दिवस जातात तसा तो आधी सपाट होतो, बाहुली राखाडी पडते, शेवटी मधोमध खड्डा पडतो. पण नुसत्या डोळ्यावर निकाल देऊ नका. बर्फाला चिकटून राहिलेला डोळा ताज्या माशाचाही दुधाळ होतो, आणि खोल पाण्यातून भरकन वर आलेल्या माशाचे डोळे दाबातल्या फरकामुळे मुळातच बटबटीत असतात. डोळे दुधाळ पण कातडी तकतकीत आणि कल्ले लाल असतील तर मासा बाद नाही.

कल्ले जास्त खरं बोलतात. काउंटरवरच्या माणसाला कल्ल्यांचं झाकण उचलून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता कुरकुर करत नाही. आत गडद लाल किंवा टवटवीत गुलाबी रंग हवा आणि चिकटा पातळ, स्वच्छ हवा. विटकरी, तपकिरी रंग आणि दाट पिवळसर चिकटा दिसला की झाकण खाली ठेवायला सांगा. वास घ्यायचाच तर इथे घ्यावा. ताज्या माशाला समुद्री शेवाळासारखा, काही जातींना चक्क काकडीसारखा वास येतो. आपण ज्याला हिंवस म्हणतो तो वास माशाचा मूळ वास नव्हे. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं बिनवासाचं द्रव्य असतं. जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तेव्हा तो वास सुटतो. म्हणजे वास जितका उग्र, तितके जिवाणू तिथे आधी जेवून गेले.

शेवटी पोट. साफ न केलेल्या माशाचं पोट घट्ट हवं. आतड्यांतले पाचक रस मेल्यावरही काम करत राहतात आणि पोटाची भिंत आतून खातात. तारली, बांगडा यांना भरपूर खाल्लेलं असताना पकडलं असेल तर एका दिवसातही पोट फुटतं. हा अपवाद सोडला तर फुटलेलं पोट म्हणजे मासा एकतर जुना, नाहीतर उबेत राहिलेला.

फिलेची पारख अवघड. मांस अर्धपारदर्शक, ओलसर चमक असलेलं हवं. खडूसारखं पांढरं पडलं असेल तर नको. पाकळ्या एकमेकींपासून सुटून मध्ये भेगा दिसत असतील तर मासा धसमुसळेपणाने हाताळलेला, जुना किंवा डीफ्रॉस्ट केलेला आहे. मधोमध जाणारी गडद पट्टी लाल हवी; ती तपकिरी झाली की हवेने काम केलं. ताटात पाणी साचलं असेल तर तो माशातलाच रस आहे; तो वजनात धरून तुमच्याकडून पैसे गेले नाहीत, एवढंच समाधान.

टूनाच्या लाल रंगावर मात्र भाळू नका. कार्बन मोनॉक्साइड वायू दिलेला टूना आठवडे गेले तरी टरबुजासारखा लालगुलाबी दिसतो. युरोपीय संघात आणि जपानमध्ये याला बंदी आहे, अमेरिकेत परवानगी आहे. न हाताळलेला टूना गडद लालकडून तपकिरीकडे जातो, आणि निदान खरं तरी सांगतो.

विचारायचे प्रश्न तीनच: हा आधी गोठवलेला होता का? असेल तर डीफ्रॉस्ट कधी केला? नसेल तर दुकानात कोणत्या दिवशी आला? ‘आजच आलाय’ हे उत्तर अर्धवट आहे. आजच्या ट्रकने आला असेल, पण पाण्यातून कधी निघाला? पेटीवरची तारीख बघून सांगणारा विक्रेता मिळाला तर त्याच्याकडेच जात राहा.


प्रश्न : फ्रोझन पाकीट घेताना तारखेशिवाय काय बघायचं?

उत्तर : तारखेपेक्षा पाकीट हातात घेऊन हलवणं जास्त उपयोगी. सुटे गोठवलेले तुकडे आत खडखडले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल तर वाटेत कुठेतरी ते सैल झाले आणि पुन्हा गोठले. (एकाच लादीत गोठवलेला माल वेगळा, तो मुळातच लादी असतो आणि पाकिटावर तसं चित्र असतं.)

मग पारदर्शक खिडकीतून आत बघा. माशाच्या अंगावर गुळगुळीत काचेसारखा बर्फ असेल तर तो मुद्दाम दिलेला आहे, चांगला आहे. पण पाकिटाच्या आतल्या बाजूला भुरभुरीत हिमाचे कण साठले असतील, तर तो माशातूनच निघालेला ओलावा आहे. तापमान वरखाली झालं की बर्फाची वाफ होते, ती पाकिटाच्या थंड भिंतीवर पुन्हा गोठते. जितकं हिम बाहेर, तितका मासा आत कोरडा. त्याचीच पुढची पायरी म्हणजे कडांवरचे पांढरट, कापसासारखे चट्टे, म्हणजे फ्रीझर बर्न. खाल्ल्याने अपाय नाही, पण तेवढा भाग चामड्यासारखा लागतो आणि तेलकट माशात खवट होतो. गंजासारखा पिवळट रंग चढलेला बांगडा किंवा सॅल्मन तर घेऊच नका. ते खवटपण शिजवून जात नाही.

उघड्या फ्रीझरच्या आतल्या भिंतीवर भरण्याची एक रेघ असते. थंड हवेचा पडदा तिथपर्यंतच. रेघेच्या वर रचलेली पाकिटं दिवसभर वितळत-गोठत राहतात. हात खाली घालून दुसऱ्या थरातलं पाकीट काढा.

घटकांची यादी वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि ते वसूल होतं. यादीत फक्त मासा असावा. पाणी, मीठ, ई ४५१ किंवा ‘ट्रायफॉस्फेट’ दिसलं तर माशाला पाणी धरून ठेवायला लावलेलं आहे.

आणि शेवटचं: पकडला कुठे आणि पाकीटबंद कुठे झाला, यांत फार अंतर असेल तर मासा बहुधा दोनदा गोठलेला असतो. जहाजावर डोकं काढून अख्खा गोठवतात, दूरच्या कारखान्यात सैल करून फिले काढतात, पुन्हा गोठवतात. स्वस्त पांढऱ्या फिलेचं हे नेहमीचं आहे. त्यात धोका नाही, पण तव्यावर पाणी जास्त सुटतं आणि मांस स्पंजासारखं लागतं.


प्रश्न : एक किलोचं पाकीट आणलं, बर्फ उतरल्यावर ८०० ग्रॅमही मासा भरला नाही. ही फसवणूक नाही का?

उत्तर : पाकिटावर काय लिहिलं होतं त्यावर ते ठरेल. गोठलेल्या माशाला थंड पाण्यात बुडवून किंवा पाण्याचा फवारा मारून वर बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात. तो माशाला हवेपासून आणि सुकण्यापासून वाचवतो, म्हणून ५ ते १० टक्के ग्लेझ असणं चांगलंच. २० टक्क्यांच्या पुढे गेलं की संरक्षण संपून पाण्याची विक्री सुरू होते. पाकिटावर ‘निव्वळ वजन’ ग्लेझ सोडून लिहिलेलं असावं. दोन आकडे असतील तर लहान आकडा माशाचा. भाव काढताना त्यानेच भागा. २० टक्के ग्लेझच्या एक किलोत मासा ८०० ग्रॅम, म्हणजे लिहिलेल्या भावापेक्षा खरा भाव सव्वापट.

घरी तपासायचं तर पाकीट पूर्ण डीफ्रॉस्ट करून तोलू नका, त्यात माशाचा रसही निघून जातो आणि हिशेब चुकतो. गोठलेले तुकडे गार पाण्याच्या धारेखाली बर्फाचा थर जाईपर्यंतच धरा, लगेच पुसा आणि तोला.

हाच न्याय काउंटरलाही लावा. अख्ख्या गोल माशातून फिले निघतो तो वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के. डोकं आणि काटे वापरणार नसाल तर भावांची तुलना त्या हिशेबाने करायची.


प्रश्न : फ्रोझन पांढरा मासा तव्यावर टाकला की पाणीच पाणी होतं, आणि खाताना ओल्या कापसासारखा लागतो. आमचं काय चुकतं?

उत्तर : तीन ठिकाणी चूक होऊ शकते आणि त्यांतल्या दोन तुमच्या नाहीत.

पहिली गोठवतानाची. माशातलं बहुतेक पाणी उणे १ ते उणे ५ अंशांच्या दरम्यान बर्फ होतं. हा टप्पा झटपट ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळत गेला तर मोठे, धारदार होतात आणि मांसाच्या पेशी फाडतात. मग डीफ्रॉस्ट करताना रस धरून ठेवायला काही उरत नाही. म्हणून कारखान्यात उणे ३५-४० अंशांच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये मासा दाबून गोठवतात. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत व्यापारात आणली. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेला मासा महिन्यांनी ताज्यासारखा लागतो, हे त्यांनी आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये पाहिलं होतं.

दुसरी साठवणीतली, आणि ती खास कॉडच्या कुळातली. कॉड, हॅडॉक, पोलॉक यांच्या मांसात एक विकर (एन्झाइम) असतं. ते वर सांगितलेल्या त्याच बिनवासाच्या द्रव्यापासून, गोठलेल्या अवस्थेतही, हळूहळू फॉर्माल्डिहाइड तयार करतं. त्याने प्रथिनं एकमेकांना जखडतात आणि मासा चिवट, कोरडा होतो. उणे ३० ला ही क्रिया जवळजवळ थांबते, उणे १८ ला चालू राहते, उणे १० ला तर वेग घेते. दार सारखं उघडणाऱ्या फ्रीझरमध्ये पडून राहिलेला कॉड म्हणून कापूस होतो. घरी आणल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा.

तिसरी तुमची: गरम पाण्यात किंवा ओट्यावर ठेवून डीफ्रॉस्ट करणं आणि ओला मासा तव्यावर टाकणं. उपाय असा. डीफ्रॉस्ट झालेला फिले १ लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ठेवा. पातळ तुकडा १० मिनिटं, जाड १५. मिठाने बाहेरची प्रथिनं पाणी धरतात, आणि तव्यावर उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा साका येतो तोही कमी होतो. मग काढून कागदाने दाबून दाबून कोरडा करा. कागद भिजला तर दुसरा घ्या. तवा नीट तापल्यावरच मासा टाका आणि तुकड्यांत बोटभर अंतर ठेवा. तव्यावरून चर्र आवाजाऐवजी बुडबुड ऐकू आली तर मासा तळला जात नाहीये, उकडतोय. आतलं तापमान ६३ अंशांना गेलं की उतरवायचं. त्यापुढचा प्रत्येक मिनिट पाणी पिळून काढतो.

इतकं करूनही कापूसच लागला तर पाकीट बदला. चूक पहिल्या दोनपैकी आहे.


प्रश्न : व्हॅक्युम पॅक केलेला मासा तसाच फ्रीजमध्ये डीफ्रॉस्ट करायला ठेवला तर चालतो ना?

उत्तर : नाही. आधी पाकीट फाडा. या सदरातली ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

हवा नसलेल्या पाकिटात, ३.३ अंशांच्या वर, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचा ‘ई’ प्रकार वाढू शकतो आणि विष तयार करू शकतो. घरचे बरेच फ्रीज ४-५ अंशांवर चालतात. एरवी मासा खराब होताना वास मारून इशारा देतो, कारण त्या जिवाणूंना हवा मिळते. व्हॅक्युममध्ये तेच मागे पडतात, त्यामुळे वास न येताही विष असू शकतं.

पाकिटातून काढून मासा ताटावर जाळी ठेवून तिच्यावर ठेवा, वरून सैल झाका आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. जाळी अशासाठी, की सुटलेल्या पाण्यात तो भिजत पडू नये. दोन सेंटिमीटरचा फिले एका रात्रीत होतो, मोठा अख्खा मासा पूर्ण दिवस घेतो. घाई असेल तर साध्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बंद करून, गार पाण्यात बुडवा. अर्धा किलोला तासभर लागतो, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजतात आणि मध्य दगड राहतो. तरी वापरलाच तर मासा लगेच शिजवा.


प्रश्न : कोळंबी काउंटरवरची घ्यावी की फ्रोझन? काउंटरवरची मोठी, छान दिसते.

उत्तर : फ्रोझन. काउंटरवरची बहुतेक कोळंबी त्याच खोक्यांतून निघालेली असते, फक्त बर्फ उतरवून. कोळंबी फार लवकर बिघडते, म्हणून ती पकडल्या जागी किंवा तळ्याकाठच्या कारखान्यात लगेच गोठवतात. घरी लागेल तेवढीच काढता येते, हा आणखी फायदा.

शक्यतो सालीसकट, कच्ची, सुटी गोठवलेली घ्या. पाकिटावर १६/२० सारखे आकडे असतात, ते एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते. १६/२० म्हणजे नग २३ ते २८ ग्रॅमचा. आकडा जितका लहान, तितकी कोळंबी मोठी. काही पाकिटांवर हीच मोजणी किलोवर असते, तेव्हा एकक बघून घ्या. ‘जम्बो’, ‘किंग’ या शब्दांना काही माप नाही.

डोक्याजवळ आणि सालीच्या सांध्यांवर काळे डाग पडतात, ते सडण्याचे नसतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं तशीच ती क्रिया आहे. तो काळेपणा येऊ नये म्हणून सल्फाइट लावतात, उदाहरणार्थ ई २२३. दमा असलेल्या काही जणांना त्याचा त्रास होतो. अनेक देशांत किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर लेबलवर लिहावं लागतं, ते वाचा. अमोनियाचा वास आला मात्र टाकून द्या. आणि सोललेली कोळंबी काचेसारखी पारदर्शक, बुळबुळीत, शिजल्यावर रबरासारखी करकरीत लागली तर ती ट्रायफॉस्फेटची करामत. पाणी पिऊन फुगलेली कोळंबी तव्यावर निम्मी होते.


प्रश्न : काउंटरवर चांगला बांगडा मिळाला की जास्त घेऊन घरी फ्रीझरमध्ये ठेवतो. योग्य आहे का?

उत्तर : आधी विचारा, तो पूर्वी गोठवलेला होता का. असेल तर ठेवू नका; दुसऱ्यांदा, तेही घरच्या मंद फ्रीझरमध्ये, गोठवल्यावर मांसाचा भुगा होतो. नसेल तर आणल्या दिवशीच गोठवा. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून ‘आता खराब होईल’ म्हणून फ्रीझरमध्ये टाकलेला मासा दोन दिवसांचा शिळाच गोठतो.

साफ करा, पोटातलं रक्त धुऊन काढा, कोरडा पुसा. ताटावर एकेक सुटा ठेवून कडक होऊ द्या. मग बर्फाच्या पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवून परत ताटावर ठेवा; असं दोन-तीनदा केलं की घरचं ग्लेझ तयार. त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळा, हवा राहू देऊ नका, आणि तारीख लिहा. एकाच वेळी सगळा फ्रीझर भरला तर काहीच लवकर गोठत नाही, तेव्हा थोडा थोडा. बांगडा, तारली, सॅल्मन दोन-तीन महिने. कमी चरबीचा मासा सहा-आठ महिन्यांपर्यंत चालतो, फक्त कॉडच्या कुळाचं वर सांगितलंच आहे.


प्रश्न : बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल झालं, डोकं दुखलं, अंगावर चट्टे उठले. एरवी मासळीची ॲलर्जी नाही. मासा तर नीट शिजवला होता.

उत्तर : लक्षणं हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणाऱ्या द्रव्याची, दिसतात. बांगडा, टूना, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून, गोठवून जात नाही, आणि वासावरून कळेलच असंही नाही. काहींना खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरतं. तसं झालं तर घास तिथेच थांबवा. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो, पण श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा भोवळ आली तर लगेच दवाखाना गाठा. खरी ॲलर्जी आहे की नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खरेदीपुरतं सांगायचं तर या माशांसाठी थंडी कुठेही तुटता कामा नये. मासळी सगळ्यात शेवटी घ्या, बर्फाच्या पाकिटासकट थर्मल पिशवीत ठेवा, सरळ घरी या.


प्रश्न : सॅल्मन कच्चा खायचा तर ताजाच घ्यावा ना?

उत्तर : उलट. कच्च्या माशातले ॲनिसाकिससारखे परजीवी गोठवल्यानेच मरतात. युरोपीय नियमानुसार मासा आतपर्यंत उणे २० अंशांना किमान २४ तास किंवा उणे ३५ ला १५ तास राहिलेला असावा. अमेरिकेचं मार्गदर्शन उणे २० ला सात दिवस सांगतं. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास चालतो आणि दार उघडलं की वर जातो, त्यावर भरवसा नको. कच्चा खाण्यासाठी म्हणून गोठवलेलाच घ्या. गोठवल्याने जिवाणू मात्र मरत नाहीत, म्हणून डीफ्रॉस्ट झाल्यावर त्याच दिवशी खा.


प्रश्न : गोठवल्याने मासळीतलं पोषण कमी होतं का?

उत्तर : प्रथिनं आणि ओमेगा-३ जवळजवळ तशीच राहतात. सुटलेल्या पाण्याबरोबर थोडं ब जीवनसत्त्व जातं, इतकंच.


प्रश्न : डीफ्रॉस्ट करायला विसरलो तर फ्रोझन फिले तसाच शिजवता येतो का?

उत्तर : दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतचा पातळ फिले खुशाल शिजवा, जाड तुकडा आणि अख्खा मासा नको, बाहेर करपतो आणि मध्य गार राहतो. पाकिटातून काढून गार पाण्याच्या धारेखाली ग्लेझ धुऊन टाका, कोरडा पुसा, तेल माशाला लावा. मीठ-मसाला सुरुवातीला गोठलेल्या अंगावर टिकत नाही, तो चार-पाच मिनिटांनी वरचा थर सैल झाल्यावर लावा. नेहमीच्या वेळेच्या दीडपट वेळ धरा. ओव्हन किंवा झाकण घातलेला रस्सा यासाठी उत्तम. तव्यावर करायचा असेल तर पहिली काही मिनिटं झाकण काढून ठेवा, म्हणजे पाणी उडून जाईल.